पावलाचा दोरा

भुजंगनं सिंधुचं पाऊल मांडीवर घेतलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरा ताणला आणि त्याला गाठ मारली. मग पुन्हा ताणला, पुन्हा मोजला.

महादेवी दारातच थबकली. हातातली कळशी तिनं आधी खाली टेकवली. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, उदगिरात टँकरच्या रांगेत डोकी फुटत होती. त्या उन्हाळ्यात पाणी सांडायची कुणाची छाती नव्हती.

"काय मोजायलाव?"

"काई न्हाई, अक्का. उगंच."

दोरा खिशात गेला. उगंच कुणी लेकरांची पावलं मोजतं होय? महादेवीला तिथंच खटकलं.

गावाबाहेरचं ते आठ खोल्यांचं घर एका संस्थेचं होतं. 'आता औषध चालत नाही' असं मोठ्या दवाखान्यांनी सांगितलेली लेकरं तिथं यायची. त्यांचं दुखणं कमी करायचं, मागतील ते खाऊ घालायचं, एवढंच काम. पगारी माणसं तीन. बाकी गावातले लोक फुकट राबायचे. महादेवीच्या भावाची नऊ वर्षांची सिंधु तीन महिन्यांपूर्वी इथं आली. भाऊ किल्लारीला साखर कारखान्यात, वहिनीच्या कडेवर तान्हं. मग महादेवी रोज सकाळी पेठेतलं कापडाचं दुकान नवऱ्यावर टाकून इथं भाकरी थापायला येऊ लागली, आणि बघता बघता सगळ्याच लेकरांची आत्या झाली.

भुजंग हदगावकडचा, उदगिरात नवा. फक्त सोमवारी यायचा. लेकरांना पाठुंगळी घेऊन अंगणभर फिरवायचा. काय करता विचारलं तर "पोटापुरतं" म्हणायचा. एकदा त्याच्या पिशवीतून अर्धगोल पातं बाहेर डोकावलं, तर त्यानं घाईनं आत सारलं. बाई गं, लेकरांच्या घरात पातं कशाला?

आणि तो दोरा! महादेवीचं घर लिंगायत; वारलेल्या माणसाला तिथं जाळत नाहीत, बसवून पुरतात. खड्डा त्याच्याच पावलानं मोजायचा, नऊ पावलं. सासरे गेले तेव्हा मठातल्या स्वामींनी असाच दोरा टाचेपासून अंगठ्यापर्यंत ताणला होता. तसलं माप जित्या माणसाचं घेत नाहीत.

मागच्या सोमवारी भुजंगनं इथल्याच एका लेकराचं, रामकिशनचं, पाऊल मोजलं होतं. गुरुवारी रामकिशन गेला. बातमी कळताच भुजंग पिशवी घेऊन आला, दारात बसून राहिला आणि पिशवी न उघडताच परत गेला.



दुपारी व्हरांड्यात डॉक्टरबाई भुजंगशी हळू आवाजात बोलत होत्या. महादेवी दिसताच दोघं गप्प झाले.

"महादेवीताई, रविवारी सिंधुच्या आईबाबांना बोलावून घ्या. तपासणीचे कागद आलेत. दोघांनाही आणा, समोरासमोर बोलू."

"काय आलंय कागदात? मला सांगा की."

"रविवारीच बोलू," म्हणून बाई लगबगीनं आत गेल्या.

दोघांनाही आणा. महादेवीला काय ते समजलं. तान्हं लेकरू घेऊन वहिनीला एवढ्या उन्हात उगंच कोण बोलावतं?

त्या रात्री तिला झोप लागली नाही. दुकानात पोरांचे कपडे घेताना झाडून सगळी गिऱ्हाइकं एकच म्हणायची, "वाढत्या अंगाचं द्या." महादेवीही जन्मभर तसंच देत आली. सिंधुला परवाचा फ्रॉक मात्र तिनं बेताचा काढला होता आणि कपाटाआड जाऊन रडली होती.

शनिवारी सकाळी भुजंग आला. सोमवार नसताना आला! महादेवीनं पिठाचे हात न धुताच त्याला फाटकात अडवलं.

"आमच्या पोरीचा दोरा द्या आधी."

"अक्का, ऐका तर..."

"काही ऐकायचं न्हाई! जित्या लेकरांची मापं काढता? लाज न्हाई वाटत? तुमचं पाऊल पडलं अन् रामकिशन गेला. सिंधुच्या अंगाला पुन्हा हात लावला तर बघा!"

भुजंगनं खांद्यावरची पिशवी काढली. तिथंच उकिडवा बसला आणि त्यानं पिशवी फाटकात उपडी केली.

चपला होत्या. इवल्या इवल्या, मऊ चामड्याच्या, प्रत्येकीच्या पट्ट्याला वेगळ्या रंगाची गाठ.

"बसस्टँडसमोर चपला शिवतो मी. फरशी लई तापायली, लेकरांचे पाय पोळायले. आधी सांगत न्हाई कुणाला. सांगितल्यावर लेकरू वाट बघत बसतं, अन्..." त्यानं एक जोड बाजूला सारला. "ह्या रामकिशनच्या. उशीर झाला मला."

महादेवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं, दादा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

दोघांनी मिळून लेकरांना चपला घातल्या. सुजलेली पावलं, वाळलेली पावलं, पण एकेक जोड असा बसला की बोटभर इकडं न्हाई की तिकडं. हा माणूस कसबी होता, खरंच.

सिंधु शेवटची. हिरव्या गाठीची चप्पल तिनं पायात सरकवली, दोन पावलं टाकली आणि चप्पल मागंच राहिली. टाचेमागं बोटभर जागा रिकामी होती.

सिंधु खुदकन हसली. महादेवीचा मात्र जीव तुटला. उद्या रविवार. पोरीच्या नशिबी एक धड चपलेचा जोडही नव्हता.

"दोनदा मोजलं की हो तुम्ही! सगळ्यांच्या नेमक्या बसल्या, अन् आमच्याच पोरीचं माप चुकवलं?"

भुजंगनं खाली पडलेली चप्पल उचलली, धूळ झटकली आणि पुन्हा सिंधुच्या पायात घातली.

"माप बरोबर हाय, अक्का. डॉक्टरबाई बोलल्या, हिच्या तेवढ्या वाढत्या पायाच्या करा."