ढगातली शेवटची दोन मिनिटं

चौकशी अधिकाऱ्याने निवृत्त एअर कमोडोर नगरकरांच्या डोक्यावरचा, तारांनी यंत्राला जोडलेला टोप उतरवला. धुक्यात विमान उडवायचा हुकूम त्यांचा होता. म्हणून मृत वैमानिकाच्या मेंदूतून टिपलेली शेवटची दोन मिनिटं नियमाप्रमाणे त्यांना त्या टोपातून स्वतः भोगावी लागली. किती वेळा, ते घरच्यांनी ठरवायचं.

वैमानिकाची आई, इंदुमतीबाई, समोर बसून त्यांच्या चेहऱ्यावर भीती शोधत होत्या. तिथे तर सुटकेचं हसू होतं.

"बाई, तुमचा निरंजन घाबरला नव्हता हो," नगरकर म्हणाले. " गुणगुणत होता. ढगात डोंगर दिसलाच नाही त्याला."

इंदुमतीबाईंनी डोळे टिपले. मग त्या अधिकाऱ्याकडे वळल्या.

"परत लावा," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता साहेबांना डोंगर कुठे आहे ते माहीत आहे."