डाव्या बाजूचा रंग

"नवरा-बायकोने मिळून केलीय वाटतं!" टेबलापुढे वाकलेली बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर तुम्ही. खुर्चीचा पाय डुगडुगतोय, तेवढाही दुरुस्त होत नाही तुमच्याने."

टेबलावर याइझू बंदरातली कुपा मासे पकडायची बोट होती, हातभर लांबीचं प्लॅस्टिकचं मॉडेल. मॉडेलं बनवणाऱ्यांच्या या क्लबात कार्डावर आडनावं लिहीत नाहीत. बोटीपुढच्या कार्डावर दोन नावं शेजारी-शेजारी होती : मित्सुए, काझुहिको.

काझुहिको म्हणजे टेबलाशी उभा असलेला इनुझुका. त्याचे कान लाल झाले.

"नाही हो, भलतंच काय! मित्सुएसान या तेराओसानांच्या मिसेस. गेल्या वर्षी वारल्या." त्याने मागे घडीच्या खुर्चीवर बसलेल्या तेराओकडे हात केला. बाईने लाजून पुन्हा पुन्हा माफी मागितली. तेराओनेही मान लववली. पण त्याची नजर इनुझुकाच्या कानांवर होती.

सभासद वारला की त्याचं अर्धं राहिलेलं मॉडेल दुसऱ्याने पुरं करायचं आणि मे महिन्यात शिझुओकाच्या प्रदर्शनात मांडायचं, अशी क्लबाची रीत. मग ते घरच्यांना द्यायचं. मित्सुएची बोट इनुझुकाने आपणहून मागितली होती. तेराओने खोक्यासकट दिली. तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं.

बाईच्या नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक बोटीला लागेल इतका तो वाकला. "काम झकास आहे. पण इथे डाव्या बाजूला अंगठा उमटलाय की! गोंद ओला असताना धरलीत वाटतं."

"हो. माझीच घाई झाली."

"मग पॉलिश पेपर मारायचा. तुम्ही काय नवशिके आहात?"

"चुकलंच माझं," इनुझुका म्हणाला.

नवरा-बायको पुढच्या टेबलाकडे गेले. तेराओ उठला, पुढे आला आणि वाकून बघू लागला. पांढऱ्या रंगाखाली अंगठ्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. ठसा लहान होता आणि त्याच्यातून एक तिरपी रेघ गेली होती. तिथे मित्सुएला सुरी लागली होती, मासा साफ करताना. टाके घालायला तेराओच तिला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेला होता. वाटभर ती हसत होती, आणि तो तिला ओरडत होता.

प्रदर्शन संपल्याची सूचना झाली. टेबलाटेबलांवर खोकी उघडू लागली.

"इनुझुकासान, हा तुमचा अंगठा नव्हे."

इनुझुका स्पंजचे तुकडे कापत होता. "नाही," तो म्हणाला.

"मग चूक अंगावर का घेतलीत?"

"मित्सुएसानना कुणी नवशिकी म्हटलेलं मला चाललं नसतं."

"तिला नावाने हाक मारता तुम्ही."

"इथे सगळेच मारायचे. क्लबात तशीच पद्धत आहे."

तेराओने कार्डावरचं तिचं नाव पुन्हा वाचलं. घरी तो तिला 'अगं' म्हणायचा. बाहेरच्यांशी बोलताना 'आमच्या घरातली.' नावाने त्याने हाक मारली ती इस्पितळात, आणि तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं.

"घासून का नाही टाकलात?"

"टाकायला हवा होता. असला ठसा ठेवून मॉडेल मांडलं की लोक हसतात." इनुझुकाने कात्री खाली ठेवली. "रोज पॉलिश पेपर घ्यायचो हातात. नाही झालं माझ्याने."

"रोज?"

"हिवाळाभर."

त्याच हिवाळ्यात तेराओची बहीण मदतीला आली होती. तिने घर लख्ख करून दिलं. मित्सुएचा चहाचा पेला घासला, चष्म्याची काच पुसली, आरशावरचे डाग काढले. बहीण गेल्यावर तेराओ घरभर हिंडला. मित्सुएचा हात लागलेलं काहीतरी त्याला हवं होतं. दिव्याच्या बटणापाशी भिंतीवर थोडा मळ दिसला, पण तो त्याचा स्वतःचाही असू शकत होता. आणि इकडे हा माणूस रोज संध्याकाळी टेबलावरचा दिवा लावून तिचा अंगठा बघत बसत होता.

"रंग पातळ दिलात," तेराओ म्हणाला. "मुद्दाम?"

"जाड दिला असता तर ठसा भरून गेला असता." इनुझुकाने खोकं पुढे सरकवलं. बोटीच्या मापाचा स्पंज त्यात आधीच कापून बसवलेला होता. "खालून धरा, तेराओसान. डाव्या बाजूला तेवढी बोटं लागू देऊ नका. रंगाचा शेवटचा हात आज सकाळीच मारलाय. पुरता वाळला नाही अजून."

तेराओने बोट दोन्ही हातांनी उचलली. एक तळवा खाली धरला. दुसऱ्या हाताचा अंगठा त्याने डाव्या बाजूला नेला आणि नेमका त्या जागी टेकवला.

"अहो, काय करताय!" इनुझुकाचा हात पुढे आला, आणि बोटीपाशी येऊन तसाच थांबला. धरायला गेला असता तर बोट मोडली असती. "तेराओसान, उमटेल हो तो!"

तेराओचा अंगठा रुंद होता. त्याच्याखाली सगळं झाकलं गेलं होतं. रंग गार आणि किंचित चिकट लागत होता. शेजारच्या टेबलावरची माणसं निघताना म्हणाली, "बरंय, निघतो. दमलात आज." इनुझुका अंगठ्याकडे बघत उभा होता. तेराओही बघत होता. अंगठा उचलायचा त्याला धीर होत नव्हता.