सांगितलेली पानं

"सर, स्कॅनचा रिपोर्ट आता पाच मिनिटांत येतो," केतकी म्हणाली. आपली पाठ थोपटली जाईल, असं तिला वाटत होतं. पूर्वी तासभर लागायचा. हॉस्पिटलच्या बाकावर छाती धरून ताटकळलेले बाबा पाहिल्यापासून सुट्ट्या घालवून तिने स्कॅन तपासून रिपोर्ट काढणारा कंपनीचा प्रोग्राम हलका केला होता. आता निम्मे सर्व्हर रिकामेच असायचे.

खांबेटे सरांचा चेहरा उतरला. त्यांच्या टेबलावर बचतीबद्दल मिळालेली ट्रॉफी होती. क्लाउडवरचे सर्व्हर तीन वर्षांच्या बोलीने एकदम घेऊन त्यांनी भाडं निम्म्यावर आणलं होतं.

"अगं, लग्नात पाचशे पानं सांगितली आणि अडीचशेच उठली, तर केटरर पैसे सोडतो का?" ते म्हणाले. "रिकामे सर्व्हर वरच्यांनी पाहिले, तर माझी बचत पाण्यात गेली म्हणतील. जुना प्रोग्राम परत लाव."

"पण सर, पेशंट ताटकळतात."

"ताटकळू देत. पंगत भरलेली दिसायची तर सावकाश जेवणारेच बरे."

पुढच्या आठवड्यात केतकीची बढती ठरणार होती आणि सही सरांचीच लागणार होती. तिने निमूटपणे जुना प्रोग्राम लावला. सगळे सर्व्हर पुन्हा कामाला जुंपले गेले.

दुपारी हॉस्पिटलमधून बाबांचा फोन आला. बोलताना त्यांना धाप लागत होती.

"केतू, आज रिपोर्ट लगेच येईल म्हणाली होतीस ना? डॉक्टर त्याच्यासाठीच अडलेत गं."

केतकीने समोरच्या पडद्यावरचे भरलेले सर्व्हर पाहिले.

"बसा थोडं, बाबा," ती म्हणाली. "आज फार गर्दी आहे."