झोपपेटी

"आई, आज पेटीत नको ना. मी एकटी राहीन घरी," चार्वी काकुळतीने म्हणाली.

ऋजुता कामावर जाताना लेकीला झोपपेटीत निजवून जाई. पेटीत ना भूक लागे, ना वय वाढे. 'आठ वर्षांची झाली की ठेवू एकटी,' असं म्हणता म्हणता बरोबरीने जन्मलेला शेजारचा ओजस सायकलवरून हायस्कुलात जाऊ लागला. चार्वीचे दुधाचे दातही पडले नव्हते.

त्या दिवशी ऋजुताने मन घट्ट करून तिला घरी ठेवलं.

संध्याकाळी घर चिडीचूप होतं. एकटीला भीती वाटून चार्वीने स्वतःच पेटीत शिरून झाकण ओढून घेतलं होतं.

ऋजुताला भडभडून आलं. तिने झाकणाला हात घातला. पण अजून कणीक मळायची होती.

"झोपू दे घटकाभर," असं पुटपुटत ती ओट्याकडे वळली.