उंचवट्यांची पट्टी

नव्या स्टेशनाचं सगळे कौतुक करत होते. डोईफोडे सरांना ते फक्त काठीने आणि नाकाने कळलं. फलाटाची फुटकी फरशी जाऊन गुळगुळीत दगड आला होता, भज्यांचा वास गेला होता, आणि दारापासून डब्यापर्यंत अंधांसाठी उंचवट्यांची पट्टी बसवली होती. काठी तिच्यावर ठेवली की माणूस नेमका डब्याशी पोचायचा. अंधशाळेत तबला शिकवायला रोज गाडीने जाणाऱ्या सरांची झकास सोय झाली.

पूर्वी मेथीच्या जुड्या घेऊन निघालेली सरूबाई त्यांच्यासाठी दाराशी थांबायची. तिचं कोपर धरून ते फलाटावरून चालायचे, आणि तेवढ्यात ती सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगून मोकळी व्हायची. पट्टी आली त्या दिवशी ती म्हणाली, "आता तुमास्नी माझं काय काम, सर!"

"खरंय," सर म्हणाले आणि पट्टीवरून पुढे निघून गेले.

तेव्हापासून ते एकटेच जात. कुठे ठेच लागत नव्हती, कुणाचा धक्का बसत नव्हता. सुनेचं पुढे काय झालं, तेही कळत नव्हतं.

आज मात्र काठी मध्येच कुणाच्या तरी पायाला अडली. मेथीचा ओला वास आला.

"पट्टीवर उभं राहू नये, बाई. आंधळी माणसं येतात."

"ठावं हाय. म्हणूनच मगाधरनं उभी हाय," सरूबाई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "सून नातवाला घिऊन निघून गेली, सर."

सरांनी काठी मिटली आणि तिचं कोपर धरलं.