मूळ वह्या

“सर, तुमची आधीची विद्यार्थिनी प्रबंध अर्धवट टाकून का गेली?” मैत्रिणींनी “घाबरट” म्हटलं म्हणून तिने विचारलंच. परवा ती परदेशी निघणार होती, सहा महिने मच्छीमार बायकांच्या मुलाखती घ्यायला. सर तिचे पीएचडीचे गाईड; त्यांची अट एकच: मूळ वह्या दर आठवड्याला त्यांना पाठवायच्या, स्वतःजवळ प्रत ठेवायची नाही. तिथेच मनात पाल चुकचुकलेली. “अगं, लग्न झालं तिचं,” सर साखर पेरत हसले आणि उघडं कपाट पायानेच लोटू लागले. तेवढ्यात तिला आतली मुलाखतींची निळी वही दिसली. कव्हरवर त्याच विद्यार्थिनीचं नाव खोडून सरांनी स्वतःचं लिहिलं होतं. ती हसतच उठली. घरी आई बॅग भरत होती, बाबा उचलून वजन अजमावत होते. “आईबाबा, बॅग सोडा. मी गाईड बदलतेय. वर्ष गेलं तरी चालेल.”