वाकड्या शेपट्या

मागच्या वर्षी वेधशाळेच्या भर बैठकीत सरांची संशोधक विद्यार्थिनी म्हणाली होती, “सर, रेडिओचित्रात या दीर्घिकेतून निघणाऱ्या झोतांच्या शेपट्या वाकल्यात. तप्त वायू त्यांना मागे ढकलतोय. इतका वायू समूहातच असतो, म्हणजे इथे दीर्घिकांचा समूह असणार.” “तिथे काहीही नाही! तुझं चित्रच वाकडं. आकाशात कुत्री सोडलीस की काय?” सर म्हणाले आणि खोलीभर हशा पिकला. आज दुसऱ्या वेधशाळेला नेमका तिथेच समूह सापडल्याचं वाचून सरांचा चेहरा उतरला. ते तडक तिच्या टेबलाशी गेले. ‘माझं चुकलं’ हे शब्द ओठांवर होते, पण निघालं भलतंच: “तुझं ते चित्र दाखव बरं.” ती गडबडून उभी राहिली. “ते तेव्हाच पुसलं, सर. आता असलं काही दिसलं, की तुमच्यापर्यंत येण्याआधीच काढून टाकते. उगाच तुमचा वेळ जातो.” तिनं हे इतक्या मनापासून सांगितलं, की सरांना तिच्याकडे बघवेना.